परमुलखात खरे नाव



मागील पंधरवड्यात आमच्याकडे आलेल्या पत्रांत एका मातेचे पत्र होते. पत्र अवघ्या दहा-बारा ओळींचे, परंतु ते वाचल्यापासून आमचे मन स्वस्थ नाही. तिचा मुलगा आखातात नोकरीस आहे. येत्या सुटीत तो आपल्या तीन सोबत्यांसह, पाठीवर सॅक टाकून, जॉर्जिया नावाच्या देशात डोंगर चढण्यास आणि जुने किल्ले व देवळे पाहण्यास निघाला आहे. सोबत्यांपैकी एक कोल्हापूरचा हिंदू, एक हैदराबादचा मुसलमान आणि एक केरळचा. खर्च मुलाने स्वतःच्या पगारातून साठविला आहे. त्याविषयी मातेची तक्रार नाही. तिला सलते ते निराळेच. फोनवर बोलता बोलता मुलगा सहज बोलून गेला की, हल्ली जेवणापूर्वी तो क्रुसाची खूण करीत नाही, कारण खोलीतले सारे पाहत असतात. चार भिंतींच्या आत असे, तर परक्या मुलखातील डोंगरांत काय होईल? जाऊ नकोस असे त्याला सांगावे काय? असा त्या माउलीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला उपदेशाचे उत्तर देणे सोपे होते. तसे उत्तर आम्ही लिहिलेही, आणि फाडून टाकले. कारण उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस पुरता उरलेला नाही. तो कसा गेला, ते आज सांगावयाचे आहे.

गेल्या उपवासकाळात आम्ही आमच्या धर्मग्रामातील तीन तरुणांसह आठ दिवसांची भटकंती केली. मुलांच्या मनात हिमालय होता. आमचे गुडघे त्याला राजी नव्हते. शेवटी असे ठरले की, परदेशी जाऊन डोंगर पाहण्यापूर्वी, ज्याला आपलाच देश परदेश होता अशा एका माणसाची वाट पाहावी. तो माणूस रशियातून आला होता, ख्रिस्ती होता आणि आजच्या कर्नाटकातील बीदर व कलबुर्गी या भागांत त्याने बराच काळ घालविला होता. आम्ही पाठीवर पिशव्या टाकल्या आणि सोलापूरच्या पुढे जाणाऱ्या गाडीत बसलो.

या प्रवाशाचे नाव अफनासी निकितीन. व्होल्गा नदीच्या काठी त्वेर नावाचे शहर आहे, तेथला हा व्यापारी. तो आपल्यासारखा कॅथलिक नव्हे, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथाचा. परंतु उपास, सणवार आणि पवित्र मरियेची भक्ती त्याच्या हाडीमाशी खिळलेली होती. पंधराव्या शतकाच्या सातव्या दशकात तो बऱ्याच सोबत्यांसह माल घेऊन व्होल्गेच्या प्रवाहाने खाली निघाला. आस्त्राखानजवळ तातारांनी त्यांना लुटले. पुढे कास्पियन समुद्रात वादळाने त्यांची एक नाव फोडली. शिर्वानच्या राजाकडे त्यांनी घरी परतण्यापुरती मदत मागितली. ती मिळाली नाही. तेथे त्या मित्रांची ताटातूट झाली. ज्याचे मायदेशी काही शिल्लक होते तो परतला. ज्याने कर्ज काढून माल भरला होता, त्याला परतण्याची वाट उरली नाही. निकितीन पुढे निघाला. आमच्या पत्रलेखिकेने नकाशा उघडला तर तिला दिसेल की, हे शिर्वान जॉर्जियाच्या शेजारचेच, त्याच काकेशस पर्वताच्या पूर्वेकडील पायथ्याचे आहे. तिचा मुलगा जेथे आनंदासाठी चालला आहे, तेथून जवळच हा माणूस एकटा पडला होता.

बाकू, मग सारा इराण ओलांडून तो होर्मुझच्या बंदरास आला. तेथून घोडे वाहून नेणाऱ्या गलबतातून, मस्कत, दीव व खंबायतमार्गे, तो आपल्या चौलास उतरला. हे चौल म्हणजे अलिबागजवळचे. शेजारच्या रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचे स्मारक आज उभे आहे. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ साली. त्याच्या पाव शतकाहून अधिक आधी हा व्यापारी आपल्या किनाऱ्यावर आला, तोही ना तोफ घेऊन, ना राजाचा खलिता घेऊन. त्याच्याजवळ एक घोडा होता. त्याच्यापायी त्याचे शंभर रुबल गेले होते, आणि तो विकून काही मिळेल एवढीच त्याची आशा होती.

चौलात लोक त्याच्या मागे मागे फिरत. गोरा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. तेथून डोंगर चढून, पाली व आणखी एका गावावरून, तो जुन्नरास पोहोचला. या वाटेला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. पावसाळा सुरू झाला होता आणि चिखलातून पुढे जाणे शक्य नव्हते. जुन्नरात त्याने दोन महिने काढले. माणसाच्या हाताने न घडलेल्या, देवानेच रचलेल्या खडकावर ते शहर वसले आहे, आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद आहे की दोघांना एकमेकांजवळून जाता येत नाही, असे त्याने टिपून ठेवले आहे. शिवनेरीची वाट चढलेल्या कोणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल. आपल्याकडे घोड्यांना हरभरे चारतात आणि साखर व तूप घालून खिचडी शिजवून देतात, हे पाहून त्याला मोठा अचंबा वाटला होता. गाडीत हा भाग वाचून दाखविला तेव्हा आमची मुले खूप हसली.

पुढचा भाग ऐकून मात्र हसू थांबले. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, रशियन ख्रिस्ती आहे, असे कळताच खानाने अट घातली: धर्म बदललास तर घोडा परत देईन आणि वर एक हजार मोहरा देईन, नाहीतर घोडा गेलाच, वर तुझ्याकडूनच हजार मोहरा घेईन. विचार करण्यास चार दिवसांची मुदत दिली. दिवस होते पवित्र मरियेच्या ऑगस्टमधील सणापूर्वीच्या उपवासाचे. आपण ज्याला स्वर्गोन्नयनाचा सण म्हणतो तोच हा. निकितीनने देवाचा धावा केला. तारणाऱ्याच्या सणाच्या आदल्या दिवशी खुरासानचा महंमद नावाचा एक खोजा तेथे आला. निकितीनने त्याचे पाय धरले. तो खोजा खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा परत आणून दिला. जुलूम करणारा मुसलमान होता आणि सोडविणाराही मुसलमान होता, हे आम्ही मुलांस दोनदा सांगितले.

या प्रसंगानंतर निकितीनने आपल्या देशबांधवांस एक कडवट सल्ला लिहून ठेवला. हिंदुस्थानात जावयाचे असेल त्याने आपला धर्म घरी ठेवूनच निघावे, असा त्याचा आशय आहे. तेव्हा आमच्यातील सर्वांत थोरला मुलगा म्हणाला, "सर, मग शहाणपण हेच नव्हे काय? जेथे जावे तेथले व्हावे." आम्ही त्याला म्हटले, "वही अजून संपलेली नाही."

गाणगापूर रोड स्टेशनावर आम्ही शनिवारी सकाळी उतरलो. तेथून गाणगापूर गाव सुमारे वीस किलोमीटर. निकितीनच्या वहीत या गावाचे नाव नाही; परंतु भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरचे हे दत्तक्षेत्र महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे, आणि वाटेवर असताना ते न पाहता पुढे जाणे मुलांस बरे वाटेना. कारंज्यास जन्मलेले श्रीनृसिंहसरस्वती येथे सुमारे दोन तपे राहिले आणि परंपरेप्रमाणे १४५९ साली श्रीशैलाकडे निघून गेले. म्हणजे ते गेल्यावर दहा-बारा वर्षांनीच आमचा रशियन या मुलखात हिंडत होता. गाव कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात, पाट्या कानडी, पण दुकानदार, पुजारी, रिक्षावाले सारे मराठी बोलतात. दुपारच्या वेळी यात्रेकरू हाती झोळी घेऊन दारोदार मधुकरी मागताना दिसले. त्यांत चांगली नोकरी करणारी, शहरातील माणसे होती. पाठीवर पिशवी आणि हातात झोळी घेऊन ती पाच दारांत उभी राहत होती.

आमचा बेत असा की, सायंकाळच्या बसने कलबुर्गी गाठावी आणि रविवारच्या मिस्सेला तेथील देवळात हजर राहावे. कलबुर्गी म्हणजे पूर्वीचे गुलबर्गा. २००५ साली तेथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आहे. पण संगमावर आम्ही फार वेळ रमलो. तेथे भस्माचा डोंगर आहे. लोक त्यातील भस्म श्रद्धेने घरी नेतात. नुकताच राखेचा बुधवार होऊन गेला होता, तेव्हा भस्मावरून मुलांचे बोलणे लांबले. गावात परतलो तो शेवटची बस निघून गेली होती. चूक सर्वस्वी आमची.

मठाजवळच एका वृद्ध बाईंच्या घरी यात्रेकरूंस खोली मिळते असे कळले. आज्जी ओसरीवर बसल्या होत्या.

"या की. कुठले तुम्ही?"

"वसईचे."

"आडनाव काय?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग थोरला मुलगा म्हणाला, "पाटील."

आम्ही वयाने सर्वांत मोठे. आम्ही ते ऐकले आणि दुरुस्त केले नाही. दिवे लागले होते, पाय दुखत होते आणि खोली हवी होती.

आज्जींना आनंद झाला. "पाटील होय? कुलदैवत कुठलं?" मुलाने तुळजापूर सांगितले. मग उद्या मधुकरीला चला, पालखीला चला, असा आग्रह सुरू झाला आणि एकेका प्रश्नासरशी खोट्याला खोटे जोडावे लागले. रात्री त्यांनी ज्वारीची गरम भाकरी, डाळ आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. आमच्यापैकी एकानेही जेवणापूर्वी क्रुसाची खूण केली नाही. हात कपाळाकडे गेला असता तर सारे उघडे पडले असते. वाचकहो, त्या मातेच्या पत्राने आम्हांस बेचैन का केले, हे आता ध्यानात आले असेल. तिच्या मुलाने चार सोबत्यांसमोर जे केले, तेच आम्ही केसांत पांढरे घेऊन, तीन मुलांच्या देखत, एका निरुपद्रवी वृद्धेसमोर केले होते.

पहाटे धाकटा मुलगा अंगणातील कट्ट्यावर रोझरी करीत बसला होता. मिस्सा चुकणार हे ठरलेच होते. निदान एवढे तरी करावे, असे त्याला वाटले असावे. आज्जी चहा घेऊन आल्या व त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"ही माळ कसली रे, बाळ? टोकाला क्रूस दिसतो."

मुलगा आमच्याकडे पाहू लागला. तेव्हा मात्र आम्ही पुढे झालो. आम्ही ख्रिस्ती आहोत, काल सांगितलेले आडनाव खोटे होते, कुलदैवत खोटे होते आणि मोठेपणी हे थांबविणे आमचे काम असताना आम्ही थांबविले नाही, असे सारे सांगून क्षमा मागितली. खोली सोडावी लागली तर लगेच सोडतो, असेही म्हटले.

आज्जी थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांना राग आला होता, आणि तो त्यांनी लपविला नाही. "नाव लपवायचं काय कारण होतं? मी नाव विचारते ते जेवायला हाक मारायला. देवळात कसं असतं ते पुजाऱ्यांना विचारा, तो त्यांचा अधिकार. घर माझं आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "गुरुचरित्रात वाचा की. बिदरचा पातशा मांडीवर फोड घेऊन इथं आला होता. त्याला कुणी माघारी धाडलं नाही."

मग त्यांनी थोरल्या मुलाला त्याचे खरे नाव विचारले. पोर्तुगीज वळणाचे ते नाव त्यांच्या जिभेवर दोनदा घसरले, तिसऱ्यांदा नीट बसले. त्या नावाने हाक मारूनच त्यांनी त्याला न्याहारीस बसविले. आम्ही ताटापुढे बसून एकमेकांकडे पाहू लागलो, तशा त्या म्हणाल्या, "करा की तुमचं काय असेल ते, भाकर गार व्हायच्या आत." आम्ही चौघांनी क्रुसाची खूण केली. इतक्या सावकाश ती आम्ही कित्येक वर्षांत केली नसेल.

दुपारी कलबुर्गीस पोहोचलो, तेव्हा देवळात कोणी नव्हते. आम्ही मागच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. नंतर किल्ला पाहिला. १३४७ साली येथे बहामनी राज्याची गादी झाली. किल्ल्यातील जामा मशीद १३६७ सालची असून, मशिदीत सहसा असते तसे मोकळे अंगण तिला नाही. सारी इमारत घुमटांनी झाकलेली आहे. शहरातच १४२२ साली निवर्तलेल्या ख्वाजा बंदेनवाज यांचा दर्गा आहे. तेथे हिंदूही नवस बोलतात. दुसऱ्या दिवशी आळंदला गेलो. याच आळंदच्या उरुसाचे वर्णन निकितीनने केले आहे: शेख अलाउद्दीनच्या नावाने दहा दिवसांचा बाजार भरे आणि वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत, असे तो लिहितो. आज तेथे घोडे नाहीत, दर्गा आहे.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर आमची हकीकत एकांगी होईल. पुढच्या एका मुक्कामी थोरल्या मुलाने आपले खरे नाव सांगितले, आणि क्षणापूर्वी रिकामी असलेली खोली एकाएकी भरलेली निघाली. ती रात्र आम्ही बसस्थानकाच्या बाकांवर काढली. खरे नाव सांगितले की प्रत्येक दार उघडते, असे आम्ही म्हणत नाही. काही दारे बंद होतात. मुलगा डासांना मारीत म्हणाला, "सर, 'पाटील' म्हटले असते तर गादी मिळाली असती." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "पण मग उद्याही तेच सांगावे लागले असते."

त्या बाकावर बसूनच आम्ही त्यांना निकितीनच्या वहीचा पुढचा भाग सांगितला. जुन्नरहून तो मरियेच्या सणादिवशी निघाला आणि महिनाभराने बीदरास पोहोचला. बहामनी राजधानी तेव्हा गुलबर्ग्याहून बीदरास येऊन चाळीसएक वर्षे झाली होती. या भागात तो खोजा युसुफ खुरासानी या नावाने वावरे. हे नाव घेऊन त्याला व्यापार करता येत होता, पण हिंदूंच्या घरात पाऊल ठेवता येत नव्हते. ते आपले जेवण, आपली पूजा आणि आपली बायकामुले त्याच्यापासून दूर ठेवीत. घोडा कसाबसा विकला गेला. मग एके दिवशी त्याने ओळखीच्या हिंदूंस सांगून टाकले की, मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे आणि माझे नाव अफनासी आहे. तेव्हापासून, तो लिहितो, त्यांनी त्याच्यापासून काही लपविले नाही. जेवणाच्या रीती, व्यापार, प्रार्थना, सारे त्याला सांगितले. प्रवासात प्रत्येकजण आपले भांडे बरोबर ठेवतो आणि आपले अन्न आपणच शिजवितो, ही बारीक गोष्टही त्याने टिपली. आमच्या मुलांच्या सॅकेला लटकलेली पातेली पाहून आम्हांस त्याची आठवण होत होती.

पुढे तो त्याच हिंदू सोबत्यांबरोबर महिनाभराची वाट चालून नल्लमला डोंगरातील श्रीशैल पर्वतास गेला. हे त्यांचे यरुशलेम आहे, असे त्याने आपल्या लोकांस समजावून सांगितले. ज्या शिर्वानात त्याचे मित्र पांगले, तेथपासून इतक्या दूर त्याला पुन्हा वाटेचे सोबती मिळाले, आणि ते खरे नाव सांगितल्यावर मिळाले. धर्म घरी ठेवून निघण्याचा सल्ला देणारा हा माणूस स्वतः तो सल्ला पाळू शकला नाही, हे आमच्या थोरल्या मुलाच्या ध्यानात आले. तो काही बोलला नाही.

कलबुर्गीहून बीदरला २०१७ पासून थेट रेल्वे आहे. निकितीनने या दोन शहरांमधील वाट दहा दिवसांची सांगितली आहे. आम्ही काही तासांत पोहोचलो. बीदरचा किल्ला पाहून मुलांस हिमालय विसरला. खडकात खोदलेला तिहेरी खंदक, शिंपल्यांचे जडावकाम असलेला रंगीन महाल, सोळा खांबांची मशीद! निकितीनने येथे राजवाड्याचे सात दरवाजे मोजले होते आणि प्रत्येक दारी शंभर पहारेकरी व शंभर लेखनिक पाहिले होते. आत कोण गेले, बाहेर कोण आले, ते हे लेखनिक लिहून घेत. सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यांतील माणसे उघडीवाघडी व दरिद्री आहेत, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. किल्ल्याबाहेर महमूद गवानचा मदरसा आहे. हा गवानही परदेशीच, इराणातील गीलानचा. व्यापारी म्हणून आला आणि वजीर झाला. निकितीनच्या भ्रमंतीच्याच काळात, १४७२ साली, त्याने ही विद्येची तीन मजली इमारत बांधली, आणि १४८१ साली खोट्या आरोपावरून त्याच्या धन्यानेच त्याचा शिरच्छेद करविला. निळ्या-पांढऱ्या कौलांची नक्षी आणि एक मनोरा अजून उभा आहे.

पण बीदरात आम्ही शोधीत होतो ते दुसरेच. निकितीनने मायदेशाहून निघताना धर्मपुस्तके बरोबर घेतली होती. तातारांनी लुटले तेव्हा तीही गेली. त्यामुळे त्याला सणांचे दिवस कळेनात. बुधवार-शुक्रवारचा हिशेब राहिला नाही, ईस्टर कधी येतो तेही कळेना. ज्याच्याजवळ ना देऊळ, ना धर्मगुरू, ना पुस्तक, अशा माणसाने काय करावे? त्याने अंदाज बांधला. मुसलमानांच्या बैरामच्या आधी नऊ-दहा दिवस ख्रिस्ती लोकांचा मोठा सण येतो, असे त्याने धरले. त्यांचा उपवासाचा महिना सुरू झाला तेव्हा त्यानेही उपास धरला. मांस वर्ज्य, दूधदुभते वर्ज्य, दिवसातून दोनदा भाकर आणि पाणी. मुसलमान शेजारी रोजे करीत होते. त्यांच्यामध्ये बसून हा एकटा माणूस आपला उपवासकाळ पाळीत होता. बीदरच्या त्या पुनरुत्थानाच्या रात्री त्याने आकाशाकडे पाहिले: कृत्तिका आणि मृग संधिप्रकाशात शिरले होते, सप्तर्षींचे डोके पूर्वेकडे होते. एवढीच त्याची मिस्सा.

आम्ही गेलो ती रात्र ईस्टरची नव्हती. जेवणानंतर आम्ही शहराबाहेर मोकळ्या जागी गेलो. कृत्तिका आणि मृग पश्चिमेकडे कलले होते, सप्तर्षी ईशान्येस वर येत होते. आमच्या खिशातील फोनमध्ये येत्या शंभर वर्षांतील ईस्टरच्या तारखा होत्या, आणि तरीही आम्ही रविवारची मिस्सा चुकविली होती.

निकितीन दाभोळच्या बंदरातून परत निघाला. होर्मुझ, इराण, काळा समुद्र असा फिरत तो मायदेशाच्या वाटेस लागला, परंतु त्वेर काही त्याने पुन्हा पाहिले नाही. स्मोलेन्स्कपर्यंतही न पोहोचता तो वाटेतच मरण पावला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी १४७५ साली मॉस्कोला पोहोचविल्या. त्यांचे नाव 'तीन समुद्रांपलीकडची यात्रा'. त्वेरमध्ये १९५५ साली त्याचा पुतळा उभारला गेला, आणि १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन मंडळींसह त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला. आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस तो आठवत असेल. त्याच्या वहीच्या अखेरच्या प्रार्थनेत अरबी, तुर्की शब्दांची सरमिसळ आहे. त्यावरून तो शेवटी मुसलमान झाला होता काय, असा वाद पंडित घालतात. आम्ही तो वाद सोडविणार नाही. पुस्तके गेल्यावर, मित्र गेल्यावर, तिथीही हरवल्यावर जो माणूस दरवर्षी आपला सण हुडकीत राहिला, त्याने काय गमावले आणि काय राखले, ते देव जाणतो.

असो. आता त्या मातेस उत्तर. बाई, मुलाला जाऊ द्या. तीन सोबती निरनिराळ्या धर्मांचे आहेत म्हणून भिऊ नका. अडल्या वेळी खानाकडे रदबदली करणारा त्यांच्यातीलच एखादा असेल. जॉर्जिया हा फार जुना ख्रिस्ती देश आहे. तेथे काझबेक शिखरासमोर, २,१७० मीटर उंचीवर, गेर्गेतीचे पवित्र त्रैक्याचे देऊळ चौदाव्या शतकापासून उभे आहे. ते त्याने जरूर पाहावे. तेथील बहुसंख्य लोक निकितीनच्याच ऑर्थोडॉक्स पंथाचे आहेत. परंतु राजधानी तिबिलिसीत आपले कॅथलिक देऊळही आहे. रविवारी आपण कोठे असू, हे त्याने निघण्यापूर्वीच ठरवावे. आमच्यासारखे संगमावर रमून बस चुकवू नये.

आणि क्रुसाच्या खुणेविषयी त्याला रागावू नका. जे आम्हांस साठीच्या घरात जमले नाही, ते त्याला पंचविशीत जमत नाही म्हणून आम्ही त्याला काय बोलणार? त्याला एवढेच विचारा की, त्याच्या सोबत्यांनी त्याला कधी विचारले आहे काय? बहुधा नसेल. बहुधा ते केवळ पाहत असतील, आणि पाहण्यात तिरस्कार आहे असे त्यानेच ठरविले असेल. गाणगापूरच्या त्या ओसरीवर आम्हीही असेच ठरविले होते, आणि आज्जींनी तर फक्त जेवायला हाक मारण्यासाठी नाव विचारले होते.

तो परतल्यावर डोंगरांची हकीकत आम्हांस अवश्य कळवा. आमच्या थोरल्या मुलाने आज्जींना ईस्टरच्या शुभेच्छांचे पत्र पाठविले होते. त्यांचे उत्तर आले आहे, शेजारच्या कोणा मुलाच्या हस्ताक्षरात. पाकिटावर त्याचे खरे नाव आहे, आणि ते बरोबर लिहिले आहे.